आपल्या हातची कोंबडी



मागच्या वेळी हिंसा-अहिंसेवर बोलताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की निवृत्तीनंतर मी गावी कोंबड्या पाळतो आणि खाण्यासाठी लागतील त्या स्वतः कापतो. व्याख्यान दीड तासाचं झालं, पण प्रश्न आले ते सगळे त्या एका वाक्यावर. एकाने विचारलं, "सर, तत्त्वज्ञान शिकवून हे कसं काय जमतं?" दुसऱ्याने विचारलं, "पिल्लं कुठून आणता?" मला दुसरा प्रश्न जास्त आवडला. पण घरी गेल्यावर लक्षात आलं, की हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. म्हणून आज दोन्ही एकत्र घेऊ. मधे कापण्याची कृती सांगणार आहे, नेमकी सांगणार आहे. ज्यांना ती नको वाटेल त्यांनी तेवढा भाग सोडून शेवटाकडे यावं. मी रागावणार नाही.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण माझा या विषयातला अधिकार तिथून सुरू होतो. आमचं गाव सिंधुदुर्गात. मी तेरा-चौदा वर्षांचा असेन. वडील मुंबईला, चाकरमानी. राखणदाराला कोंबडा द्यायचा होता आणि दरवर्षी तो कापणारे शेजारचे काका तापाने पडले होते. मी म्हटलं, मी करतो. सुरी घेतली ती नारळाची शेंडी सोलून बोथट झालेली. एका घावात झालं नाही. दुसऱ्यात झालं नाही. कोंबडा हातातून सुटला आणि पडवीत रक्त सांडत धावला. आईने तो पकडला, दुसरी सुरी आणून काम संपवलं. मला मारलं नाही, ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, "पयली सुरी बघ, मगे कोंब्याक हात लाव." त्या रात्री मी सागोती-वडे पोटभर जेवलो. हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट उगाच साधुसंतांची होईल.

पक्षी कोणता?

आता कामाचं बोलू. मांसासाठी कोंबडी पाळायची तर आपल्यापुढे साधारण तीन वाटा आहेत.

पहिली वाट ब्रॉयलरची. हा पक्षी ६ आठवड्यांत दोन-सव्वादोन किलोचा होतो, आणि त्याला तेवढ्यासाठी साडेतीन-चार किलो खाद्य पुरतं. हिशेबाला याच्यासारखा पक्षी नाही. पण हा वेग त्याच्या पायांना आणि हृदयाला झेपत नाही. वेळेवर कापला नाही, 'राहू दे अजून महिनाभर' म्हटलं, तर तो लंगडतो, बसून राहतो, कधी उभ्या उभ्या मरतो. म्हणजे ब्रॉयलर आणणं हे तारीख ठरवून आणणं आहे.

दुसरी वाट गावठी कोंबडीची. दीड किलोचा कोंबडा व्हायला पाच-सहा महिने लागतात. पण तो स्वतःचं पोट बरंचसं स्वतः भरतो. वाळवी, किडे, गवत, सांडलेलं धान्य. घारीची सावली ओळखतो, संध्याकाळी आपणहून खुराड्यात येतो. आणि कोंबडी खुडूक होते, म्हणजे पुढची पिढी ती फुकट उबवून देते.

तिसरी वाट मधली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा, बंगळूरची गिरिराजा. परसात फिरणाऱ्या, तरी गावठीपेक्षा लवकर वाढणाऱ्या. तीन-चार महिन्यांत दीड-दोन किलो मिळतं. एक अडचण आहे, वनराजा सहसा खुडूक होत नाही. त्यामुळे पिल्लं दर वेळी विकत आणावी लागतात.

मी दुसरी आणि तिसरी वाट मिसळून घेतो. एका वेळी दहा-बारा पक्षी, त्याहून जास्त नाही. माझ्या वयाच्या माणसाला तेवढेच नजरेत राहतात.

इथे एक गंमत सांगतो. कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. पण आपल्या सह्याद्रीत फिरतो तो राखी रानकोंबडा. पुष्कळ वर्षं मानत, की पाळीव कोंबडीत या राखीचं काही नाही. २००८ साली जनुकं तपासून दाखवलं गेलं, की पाळीव कोंबडीची पिवळी कातडी त्याच्याकडून आली आहे. म्हणजे जगभर पिवळ्या पायांची कोंबडी दिसेल तिथे आपल्या जंगलातला एक पाहुणा बसलेला आहे.

अंड्यापासून खुराड्यापर्यंत

खुडूक कोंबडीखाली १० ते १२ अंडी ठेवावीत, आठवड्याच्या आतली. २१ दिवस लागतात. सातव्या दिवशी रात्री अंधारात बॅटरीच्या उजेडावर अंडं धरून बघा. आत शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे. नुसतं स्वच्छ दिसलं तर ते अंडं काढून टाका, नाहीतर ते सडून फुटतं आणि बाकीची खराब करतं.

पिल्लं विकत आणली असतील तर आईचं काम आपल्याला करावं लागतं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. खाली भाताच्या तुसाचा दोन-तीन इंच थर आणि वर एक बल्ब. थर्मामीटर नसला तरी चालेल, पिल्लंच सांगतात. सगळी बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर थंडी आहे. सगळी कडेला पळून चोची उघडून बसली असतील तर उष्णता जास्त आहे. सगळीकडे विखरून खात-पीत असतील तर तुम्ही झोपायला जा.

रोगांमध्ये एकाचं नाव पाठ असू द्या, मानमोडी. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात, कुमाऊँतल्या त्या गावावरून. पिल्लू मान वाकडी करतं, हिरवट हगतं, आणि दोन-चार दिवसांत सगळं खुराडं रिकामं होतं. यावर औषध नाही, लस आहे. पहिली मात्रा पहिल्या आठवड्यात, डोळ्यात किंवा नाकात थेंब, आणि पुढची दीड-दोन महिन्यांची झाल्यावर टोचून. आता खरी अडचण ऐका. लसीच्या कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांचे डोस असतात आणि कुपी उघडली की तास-दोन तासांत संपवावी लागते. माझ्याकडे बारा पिल्लं. एकट्याने कोण उघडणार? म्हणून बहुतेक घरांत लस होतच नाही. आम्ही काय करतो, तर वाडीतली सगळी पिल्लं एकाच सकाळी डालग्यांतून एका अंगणात आणतो आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसाला बोलावतो. हे एक काम एकत्र केलं तर निम्मी काळजी मिटते.

आणि पक्षी अचानक पटापट मरू लागले, तर ते कापून खायचे नाहीत, विकायचे नाहीत, आधी दवाखान्यात कळवायचं. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले, हे अनेकांना आठवत असेल. लपवल्याने नुकसान आपलंच नाही, सगळ्या पंचक्रोशीचं होतं.

रात्री खुराडं बंद. मुंगूस, रानमांजर, धामण, कुत्री, सगळे वाट बघत असतात. माझी पहिली आठ पिल्लं एका रात्री गेली, कारण मी खालची फळी 'उद्या ठोकू' म्हणालो होतो. हा शब्द लक्षात ठेवा, 'उद्या ठोकू'. मी त्याच्याकडे परत येणार आहे.

कापण्याचा दिवस

आदल्या संध्याकाळी खाद्य बंद, पाणी चालू. दहा-बारा तास. पोटातली थैली आणि आतडी रिकामी असली की कापताना मांसाला घाण लागत नाही. पक्षी धरायचा तो पहाटे अंधारात, खुराड्यातच. अंधारात कोंबडी शांत असते. दिवसा अंगणभर पळवून पकडलेला पक्षी घाबरलेला असतो, त्याला त्रास होतोच, आणि मांसही कडक होतं.

पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घ्या, बूड कापा, तोंड थोडं मोठं करा आणि भिंतीला उलटा ठोका. पक्षी त्यात डोकं खाली करून घातला की पंख आवळले जातात, फडफड होत नाही आणि तो गप्प राहतो. आमच्या गावात हे कुणी करत नव्हतं. एक जण कोंबडी पायाखाली धरतो, दुसरा कापतो, ही पद्धत. कॅनमुळे एका माणसाला काम जमतं आणि पक्ष्याचे पंख मोडत नाहीत.

सुरी. आईचं वाक्य. त्या दिवशी सकाळी सहाणेवर लावलेली सुरी, कागद धरला तर नुसत्या स्पर्शाने कापेल अशी. जबड्याच्या अगदी खाली, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एका ओढीत कापायच्या. मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही क्षणांत शुद्ध जाते. दीड-दोन मिनिटं रक्त निथळू द्यायचं. त्यात पक्षी जोरात झटके देतो. नवख्या माणसाला वाटतं, अजून जिवंत आहे, तळमळतोय. नीट कापलं असेल तर ती शुद्धीतली तळमळ नसते, मज्जारज्जूची हालचाल असते. पण 'नीट कापलं असेल तर' हे शब्द महत्त्वाचे. अमेरिकेत कोलोरॅडोत १९४५ साली एका शेतकऱ्याने कोंबड्याचं डोकं उडवलं, घाव किंचित वर पडला, मेंदूचा खालचा भाग राहिला, आणि तो कोंबडा दीड वर्ष जगला. त्याचे खेळ लावून लोकांनी पैसे कमावले. मला त्या गोष्टीचं हसू येत नाही. मला पडवी आठवते.

मग पाणी. पिसं सुटायला पाणी साधारण ६० अंशांचं हवं. उकळतं पाणी आणि साधं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की जवळपास तेवढं होतं. पक्षी पायाला धरून पाऊण ते एक मिनिट बुडवा, हलवत राहा. पंखाचं मोठं पीस सहज सुटलं की बाहेर काढा. जास्त ठेवलात तर कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते. उरलेली लव जाळावर फिरवून घ्यायची, हळद चोळायची. शहरातल्या दुकानात वेळ नसतो, म्हणून तिथे पिसांसकट कातडीच ओढून काढतात.

पोट उघडताना घाई नको. आधी मानेजवळची थैली मोकळी करा. मग गुदद्वाराभोवती गोल काप घ्या, आतडं न फोडता, आणि हात घालून सगळं एका ओढीत बाहेर काढा. काळजाला चिकटलेली हिरवी पिशवी, पित्ताची, ती फुटू देऊ नका, मांस कडू होतं. शेपटीच्या वरची तेलाची गाठ कापून टाका. पेटा चिरून आतली पिवळी साल सोला. आणि काळीज बघा. एकसारखं तांबूस-काळपट, गुळगुळीत असेल तर ठीक. पांढरे ठिपके, गाठी दिसल्या तर तो पक्षी खायचा नाही. चुना टाकून खोल पुरायचा. पाच महिने वाढवलेला असला तरी.

मांस एकतर लगेच, तासाभरात शिजायला टाका, नाहीतर बर्फात किंवा फ्रिजमध्ये सहा-आठ तास ठेवून मग शिजवा. मधल्या वेळात स्नायू ताठरलेले असतात, तेव्हा शिजवलं की चिवट लागतं. सुरी, पाट, हात साबणाने धुवा, आणि त्याच पाटावर कोथिंबीर चिरू नका. गावठी कोंबडा असेल तर मंद आचेवर दीड-दोन तास. त्याला ब्रॉयलरच्या वेळेत शिजवून 'चिवट आहे' म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

कायद्याचंही एक सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये अन्नासाठी प्राणी मारणं हा गुन्हा धरलेला नाही, पण अनावश्यक वेदना दिली तर ती सूट जाते. बोथट सुरी म्हणजे अनावश्यक वेदना, दुसरं काय? शहरात राहत असाल तर घरी पाळण्या-कापण्याबद्दल महापालिकेचे नियम वेगळे असतात, ते आधी विचारून घ्या.

आठ जण

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. हे कसं काय जमतं?

देकार्तचं उत्तर सोपं होतं. प्राणी म्हणजे यंत्रं, तेव्हा वेदनेचा प्रश्नच नाही. हे उत्तर आता टिकत नाही. २००० साली ब्रिटनमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ब्रॉयलर कोंबड्यांपुढे दोन प्रकारचं खाद्य ठेवलं, एक साधं, दुसरं वेदनाशामक मिसळलेलं. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचं खाद्य जास्त खाल्लं, आणि लंगडेपण जितकं जास्त तितकं ते प्रमाण वाढलं. यंत्राला गुडघा दुखत नाही.

मग आपल्या परंपरेत काय आहे? बौद्ध भिक्षूसाठी एक नियम सांगितला आहे. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंकाही नाही, असं भिक्षेत आलेलं मांस त्याने घ्यायला हरकत नाही. भिक्षेवर जगणाऱ्या माणसासाठी हा नियम समजण्यासारखा आहे. त्याला निवड नाही. पण आपण गृहस्थांनी तो नियम गुपचूप उचलला आहे. काळ्या पिशवीतलं अर्धा किलो, पाहिलं नाही, ऐकलं नाही. फरक एवढाच, की आपण मागणी नोंदवलेली असते.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात याच्या उलट टोकाचा विचार आहे. त्या ग्रंथाशी माझी पुष्कळ भांडणं आहेत, पण या एका जागी तो चुकलेला नाही. तिथे मारणाऱ्यांची यादी दिली आहे. संमती देणारा, अवयव कापणारा, प्रत्यक्ष मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. आठ जण, आणि आठही घातक. बाजारात या आठ जागा आठ माणसांत वाटल्या जातात, आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्या वाट्याला आठवा हिस्सा आला. खरं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण आला. सगळ्यात अवघड हिस्सा आपण दुकानातल्या त्या माणसाकडे देतो, आणि वर त्याच्याच जातीधंद्याकडे नाक मुरडतो. हा दुटप्पीपणा मला मांस खाण्यापेक्षा जास्त खुपतो.

परसातली कोंबडी कापणारा माणूस आठातल्या बहुतेक जागा एकटा भरतो. याने तो निर्दोष होत नाही. फक्त त्याला 'मी नाही केलं' म्हणता येत नाही.

आणि तिसरा विचार जैनांचा. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद हा शब्द आहे. प्रमादातून प्राण घेणं म्हणजे हिंसा. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, ढिलाई, विकारांच्या ताब्यात असणं. आता मी प्रामाणिकपणे सांगतो, या व्याख्येचा आधार घेऊन कोंबडी कापता येत नाही. कुठल्याही जैन आचार्यांपुढे मी हा युक्तिवाद केला तर ते मला दारातूनच परत पाठवतील, आणि ते बरोबर असेल. मी त्यांच्याकडून अर्धीच गोष्ट उसनी घेतो. बोथट सुरी हा प्रमाद. 'उद्या ठोकू' म्हटलेली फळी हा प्रमाद. न दिलेली लस हा प्रमाद. ब्रॉयलर आणून तारीख पुढे ढकलणं, आपल्या हळवेपणासाठी त्याला लंगडत ठेवणं, हाही प्रमाद, आणि तो दयेचा वेष घेऊन येतो. मारणं माझ्याकडून सुटलेलं नाही. पण मारण्याच्या आधीचे पाच महिने आणि मारण्याचे ते काही क्षण, यांत ढिलाई करायची नाही, एवढं माझ्या हातात आहे.

हे पुरेसं आहे का? मला माहीत नाही. गेल्या मे महिन्यात नात गावी आली होती, नऊ वर्षांची. तिने एका कोंबड्याला रोज तांदूळ टाकले. मी कापायच्या दिवशी तिला आत जायला सांगितलं. ती गेली नाही. पाळीवर बसून सगळं पाहिलं, रडली नाही. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही त्याला दुखवलं नाहीत. पण त्याला अजून जगायचं होतं ना?"

मंडळी, मी पस्तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं आहे. वेदना कमी करणं आणि जीव घेणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. पहिल्याचं उत्तर सुरीला धार लावून देता येतं. दुसऱ्याचं येत नाही. त्या दिवशी जेवताना तिने वडे खाल्ले, सागोतीला हात लावला नाही. मी आग्रह केला नाही. तिच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी जेवत होतो.

यंदा नऊ पिल्लं आहेत. खालची फळी ठोकलेली आहे. परसात पाळायचं ठरवलंत तर लसीचं आधी बघा. आणि नसेल पाळायचं, तरी पुढच्या वेळी दुकानातल्या त्या माणसाला नावाने हाक मारा. आपलं काम तो करतो आहे.